‘रात्री हलवा’ म्हणणाऱ्यांना

सोयाबीनची काढणी सुरू झाली आणि मागोमाग साखर कारखान्यांची धुराडी पेटली की एक मागणी दरवर्षी न चुकता पुढे येते. वाचकांच्या पत्रांत येते, नगरपालिकेच्या सभेत येते, रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत येते. हार्वेस्टर, उसाच्या डबल ट्रॉल्या, मागे रुंद अवजार जोडलेले ट्रॅक्टर दिवसा रस्त्यावर नकोत. रात्री दहानंतर सोडा आणि उजाडायच्या आत बाजूला घ्या, म्हणजे शाळेची मुलं, नोकरदार, रुग्णवाहिका सगळ्यांची वाट मोकळी. ऐकायला ही मागणी समंजस वाटते. तिच्यात कुणावर आगपाखड नाही, शेतकऱ्याचं काम थांबवा असंही ती म्हणत नाही. म्हणून ती चटकन पटते आणि म्हणूनच तिला उत्तर द्यायला हवं. या मागणीने माणसं मरतील, हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे.

मागणीमागचा राग मात्र खोटा नाही. उसाची ट्रॉली पुढे असली की दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर आलेला असतो, मागचा दिवा उसाखाली झाकलेला असतो, आणि ड्रायव्हरजवळचा टेप इतक्या मोठ्याने चालू असतो की मागच्याचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. टायर फुटला तर चाकांखाली दगड लावतात. काम झालं की ट्रॉली निघून जाते आणि दगड डांबरावर तसेच पडून राहतात. अंधारात त्यावर मोटारसायकल चढते. हे सगळं खरं आहे, मी त्यातलं काहीच नाकारत नाही. पण या प्रत्येक तक्रारीला उपाय म्हणून अंधार सुचवला जातो, तिथे माझं भांडण सुरू होतं.

साधा हिशेब मांडू. मोटार ताशी ९० किलोमीटरने चालली आहे आणि पुढे भरलेला ट्रॅक्टर ताशी २० ने. वेगातला फरक ७०, म्हणजे सेकंदाला साधारण १९ मीटर. दिवसा सरळ रस्त्यावर ती ट्रॉली ४०० मीटरवरून सहज दिसते. तिच्यापर्यंत पोचायला मोटारवाल्याला २० सेकंद मिळतात. तेवढ्यात तो वेग कमी करतो, समोरचा रस्ता बघतो, चिडतोही आणि थांबतो. रात्री समोरून गाडी येत असेल, दिवे डिप्परवर असतील आणि ट्रॉलीला रेडियम नसेल किंवा असून चिखलाने माखलेलं असेल, तर ६० मीटरवर ती दिसली तरी खूप झालं. म्हणजे तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद हे पुढचं काळं काय आहे ते कळण्यात आणि पाय ब्रेकवर जाण्यात संपतो. उरलेल्या वेळात कुठलाही ब्रेक पुरत नाही.

‘पण रात्री वाहतूक कमी असते,’ असं यावर सांगितलं जातं. कमी असते, आणि त्यामुळेच वेग जास्त असतो. दिवसा गर्दीत रखडत ४० ने जाणारा तोच माणूस रात्री मोकळा रस्ता बघून ९० वर जातो. शिवाय तो पेंगुळलेला असतो, आणि ट्रॅक्टरवाला त्याच्याहून पेंगुळलेला. गाड्यांची संख्या घटली म्हणून धोका घटला, हे गणित आगगाडीच्या रुळावर चालेल. अंधाऱ्या राज्य मार्गावर चालत नाही.

त्यातही सगळ्यात वाईट क्षण मागून जाऊन धडकण्याचा नसतो. शेतातला कच्चा रस्ता मुख्य रस्त्याला येऊन मिळतो तिथे तो असतो. ट्रॅक्टर बाहेर येतो, वळतो. त्याचे पुढचे दिवे पलीकडच्या बांधावर पडलेले असतात. पहिली ट्रॉली रस्त्याच्या मधोमध आडवी असते, दुसरी अजून कच्च्या रस्त्यावर असते आणि दोन्हींच्या कुशीला एकही दिवा नसतो. आडव्या ट्रॉलीची बाजू म्हणजे रस्त्यावर अचानक उभी राहिलेली बिनदिव्याची भिंत. येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला डावीकडे बांधाच्या बाजूला उजेड दिसतो आणि पुढचा रस्ता मोकळा वाटतो. ओझं जड, पहिल्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्यामुळे हे वळण पूर्ण व्हायला मोठ्या गाडीला वेळ लागतो. दिवसा याच ठिकाणी कुणीतरी खाली उतरून हात दाखवतो आणि दोन्हीकडची वाहनं थांबतात. रात्री त्याचा हात दिसत नाही.

आता हार्वेस्टर. धान्य काढणाऱ्या कंबाइनचा पुढचा कटर १४ फुटांचा असणं सर्रास आहे, म्हणजे ४ मीटर २७ सेंटिमीटर. आपल्या एकेरी ग्रामीण रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर रुंद असतं. कटर रस्त्यापेक्षा रुंद आहे! देशातल्या सर्वसाधारण मोटार वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे, तिच्याशी तुलनाच नको. लांब जायचं असेल तर कटर सोडवून मागे गाड्यावर लांबीत ठेवून ओढतात, तेव्हा यंत्र निदान रस्त्यात मावतं. पण या गावाच्या शिवारातून पुढच्या गावाच्या शिवारात जायचं, अंतर दोन-तीन किलोमीटर, वर दुसरा शेतकरी ढगांकडे बघत फोनवर फोन करतोय. अशा वेळी कोण कटर सोडवून परत जोडत बसणार? तसंच नेतात. वर आणखी एक गोष्ट मोटार चालवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. कंबाइनची पुढची मोठी चाकं ओढण्याचं काम करतात आणि वळण्याचं काम मागच्या छोट्या चाकांकडे असतं. त्यामुळे यंत्र डावीकडे वळताना त्याचं शेपूट उजवीकडे फेकलं जातं, नेमकं तिथे, जिथे ओव्हरटेक करणारा पोचलेला असतो. दिवसा हे दिसतं आणि माणूस आपसूक मागे सरतो. रात्री त्याला फक्त दोन दिवे दिसतात. त्या दिव्यांच्या बाहेर किती लोखंड आहे याचा अंदाज येत नाही.

वरची तारही रात्री दिसत नाही. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून ५.८ मीटर उंच असावी असा नियम आहे. गावोगावच्या लोंबकळणाऱ्या तारा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा नियम कागदावरच भेटतो. उसाचं हार्वेस्टर किंवा ट्रकवर चढवलेलं कंबाइन अशा तारेखालून काढायचं तर मदतनीस छतावर उभा राहतो आणि बांबूने तार उचलून धरतो. हे दृश्य भरदुपारीही छातीत धडकी भरवतं. ‘हेच काम रात्री करा’ असं सांगणाऱ्याने एकदा त्या छतावर उभ्या असलेल्या विशी-बाविशीच्या पोराकडे नीट बघावं.

‘मग रस्त्यावर आणताच कशाला?’ असाही प्रश्न येतो. तो शेती न पाहिलेल्या माणसाचा आहे, तरी उत्तर देतो. कंबाइन हे एका शेतकऱ्याचं यंत्र नव्हेच. पंजाबातल्या नाभा, संगरूर, पतियाळा भागातून निघालेली यंत्रं पिकाच्या मागे देशभर फिरतात. आपला गहू आधी पिकतो, त्यांचा बैसाखीच्या सुमाराला. म्हणून ती आधी मध्य प्रदेशात, महाराष्ट्रात येतात आणि एप्रिलमध्ये घरी परततात. फिरलं नाही तर हप्ता फिटत नाही, आणि ते आलं नाही तर दहा-बारा दिवसांत पावसाच्या आत काढायचं पीक शेतात काळं पडतं. मार्च २०२० मध्ये सगळा देश घरात कोंडला होता. टाळेबंदी लागून दोनच दिवस झाले होते, तेव्हा २७ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने कंबाइन हार्वेस्टर आणि पेरणी-काढणीच्या इतर यंत्रांना राज्यात आणि राज्याबाहेर ये-जा करायची मोकळीक दिली. त्या दिवशी या यंत्रांचं रस्त्यावर असणं अत्यावश्यक होतं. ते आजही तितकंच अत्यावश्यक आहे. फरक एवढाच की आज आपल्याला घाई आहे.

उसाची गोष्ट तर त्याहून उघड आहे. तोडणीला मजूर मिळत नाहीत म्हणून २०२३ मध्ये राज्य सरकारने ऊसतोडणी यंत्रासाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातलं जे कमी असेल ते अनुदान जाहीर केलं. हे यंत्र एका फडात किती दिवस राहणार? फड संपला की त्याला रस्त्यावर यावंच लागतं, सोबत ऊस भरून नेणारे इन्फिल्डर येतात, त्यामागे डिझेलची गाडी येते. म्हणजे ही यंत्रं सरकारने पैसे घालून रस्त्यावर आणली आहेत. पैसे देताना यंत्र कसं हलवायचं, त्याच्यापुढे-मागे कोण चालणार, कुठल्या पुलावरून ते जाऊ शकतं, याचाही विचार अनुदानाच्या अटींत व्हायला हवा होता. यंत्र फडात उभं असतानाचा फोटो फायलीत लागतो. दोन फडांमधला रस्ता कुणाच्याच फायलीत नसतो.

इथपर्यंत वाचून काही शेतकरी नेते खूश झाले असतील. त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते मी पडद्याआड ठेवणार नाही. ‘आधीच शेतकरी मेटाकुटीला आलाय, त्याला रेडियम नि दिवे नि दंड लावून आणखी छळू नका’ ही त्यांची भाषा मला अजिबात मान्य नाही. हंगामात परिवहन खात्याचं पथक रस्त्यावर आलं की फोन जातात, गाड्या सुटतात आणि तीच बिनदिव्याची ट्रॉली रात्री पुन्हा रस्त्यावर असते. तिला धडकून पडणारा मुंबईचा पाहुणा नसतो. दूध घालून परतणारा, एमआयडीसीतली पाळी संपवून येणारा त्याच पंचक्रोशीतला पोरगा असतो. त्याचे आईबाप शेतकरीच असतात.

आणि सूट मागायची तर कशाची, हे तरी बघा. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. शेतात टोकाला वळताना एकच दाबलं की ट्रॅक्टर जवळपास जागच्या जागी फिरतो, म्हणून ती सोय. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं खटक्याने जोडायची असतात. जोडली नाहीत आणि वेगात असताना घाईने एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला खेचला जातो आणि उलटतो. हा खटका लावायला पैसा लागत नाही, क्षणभर वाकावं लागतं. मागच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतोच. वीस-वीस टन ऊस दोन ट्रॉल्यांत घालून, ते सगळं ओझं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या ब्रेकवर थांबेल अशा भरवशावर घाट उतरायचा, त्यात डिझेल वाचावं म्हणून गिअर काढून घ्यायचा. उताराला ओझं ट्रॅक्टरला पुढे ढकलत नेतं, चढाला तेच ओझं त्याचं तोंड उचलतं. यात शेतकऱ्याचं हित कुठे आहे, हे मला नेत्यांनी सांगावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. माल बाजूने बाहेर आलेला असेल तरी २०,००० चा दंड आहे. कायदा पुरेसा कडक आहे. तो ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरवर चालवायचा की ज्याने त्याला एवढं भरायला लावलं त्याच्यावर, हा खरा प्रश्न आहे.

कारण भरायला लावणारा आहे, आणि तो या वादात कधीच समोर येत नाही. वाहतुकीचा दर टनावर ठरतो. खेप हलकी नेली तर ड्रायव्हरचा आणि मालकाचा तोटा. मालकाने हंगामाआधी कारखान्याकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची तर दिवसाच्या खेपा वाढल्या पाहिजेत. खेपा तर वाढत नाहीत, कारण गव्हाणीसमोर रांग असते. सकाळी फडात कोयता चालू होतो, दुपार ढळेपर्यंत ट्रॉल्या भरतात, संध्याकाळी कारखान्याच्या तळावर गाडी लागते आणि काटा होऊन रिकामी व्हायला रात्र उलटून जाते. ड्रायव्हर सीटवर, नाहीतर ट्रॉलीखाली पोतं टाकून डुलकी काढतो, पुढची गाडी हलली की उठून आपली हलवतो, परत आडवा होतो. पहाटे रिकामा होऊन तो थेट पुढच्या फडाकडे निघतो. आज जे अपघात होतात त्यातले कितीतरी या झोप न झालेल्या माणसाच्या हातून होतात. आणि आपण त्याला सुचवतोय काय, तर दिवसा थांब, रात्रीच चाल.

कारखाने म्हणतात, वाहतूक ठेकेदाराची, आमचा संबंध गव्हाणीपासून. हे साफ चूक आहे. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, कापून घेतला जातो. ठेकेदाराशी करार कारखाना करतो, कुठल्या गटातून कुठली गाडी कधी आणायची हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो, पैसेही कारखानाच देतो. ज्याच्या हातात तारीख, दर आणि पैसे तिन्ही आहेत त्याची जबाबदारी नाही, असं दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालतं? गाळप परवान्याशिवाय कारखान्याला हंगाम सुरू करता येत नाही. तो परवाना पुण्याच्या साखर संकुलातून मिळतो. कराराच्या प्रत्येक ट्रॉलीला मागे आणि दोन्ही कुशींना दिवे व रेडियम आहे, तळावर गाडी ठरावीक तासांच्या आत रिकामी होते आणि झोप न झालेल्या ड्रायव्हरला फाटकातून बाहेर सोडलं जात नाही, हे कारखान्याने लिहून दिल्याशिवाय परवाना देऊ नये. मोडणाऱ्या कारखान्याला पुढच्या हंगामात तो सहजी मिळू नये. रस्त्यावर शंभर ट्रॅक्टर अडवण्यापेक्षा एका फाटकावर ते तपासणं पोलिसांनाही सोपं आहे.

‘मोठी यंत्रं लो-बेड ट्रेलरवर चढवून न्या’ ही सूचना मला अर्धी पटते. जिल्हा ओलांडून जायचं असेल तर यंत्र स्वतःच्या चाकांवर चालवत नेऊ नयेच. टायर झिजतात, रस्ता अडतो, माणूस थकतो. पण शेवटचे पाच-दहा किलोमीटर लो-बेड जाणार कुठून? ओढ्यावरचा अरुंद पूल, वेशीतलं वळण, पाणंद रस्ता. तिथे यंत्र उतरवूनच न्यावं लागतं, आणि बहुतेक धोका तिथेच आहे. द्रुतगती मार्गांवरच्या बंदीबद्दलही थोडक्यात: समृद्धीवर ट्रॅक्टर नको, हे मला मान्य आहे. पण मोठा रस्ता करताना त्याच्या कडेने सलग सर्व्हिस रोड नसेल, आणि पलीकडच्या शेतात जायला दिलेला भुयारी मार्ग हार्वेस्टरच्या उंचीला पुरत नसेल, तर तुम्ही बंदी घातलेली नाही. तुम्ही यंत्राला लांबच्या, जास्त अरुंद रस्त्यावर पाठवलं आहे.

बाहेर हे कसं करतात ते सांगितलं की ‘आपल्याकडे नाही चालायचं’ असं उत्तर मिळतं. ब्रिटनमध्ये शेतीचं वाहन ३ मीटरपेक्षा रुंद असेल तर रस्त्यावर आणण्याआधी पोलिसांना कळवावं लागतं, साडेतीन मीटरच्या वर गेलं तर सोबत माणूस लागतो. यात न परवडण्यासारखं काय आहे? आपल्याकडे प्रत्येक हार्वेस्टरसोबत एखादी मोटारसायकल असतेच, डिझेल आणायला, डबा आणायला. तीच पुढे दोनशे मीटरवर लाल झेंडी घेऊन चालली तर? अमेरिकेत १९६० च्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठात संथ वाहनांसाठी एक त्रिकोण तयार झाला, मधे झळझळीत नारिंगी, कडेला लाल परावर्तक पट्टी. दिवसा नारिंगी रंग लांबून दिसतो, रात्री दिव्याच्या उजेडात लाल कड चमकते. मागून येणाऱ्याला एका नजरेत कळतं की पुढचं वाहन चालतंय पण अगदी हळू. हा पत्र्याचा तुकडा आहे. आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावचा रेडियमवाला तो तासाभरात कापून देईल.

मला दिवसाची वाहतूक हवी आहे, आणि ती मोकाट नको आहे. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला गावातून यंत्र जाऊ नये, हे मान्य. आठवडी बाजाराच्या दिवशी नको, मान्य. रुंद कटर लावून डांबरी रस्त्यावर यायचंच नाही, अंतर कितीही कमी असो. हेही मान्य, आणि त्यासाठी दंड घ्या. बाकीचा उजेड मात्र या यंत्रांना द्या. मागे साठलेल्या मोटारींना पाच-दहा मिनिटं थांबावं लागेल. दर काही किलोमीटरवर साईडपट्टी पक्की आणि रुंद केली, तर ट्रॅक्टरवाल्याला बाजूला घेऊन मागच्यांना वाट देता येईल. आज साईडपट्टी डांबरापासून वीतभर खाली खचलेली असते आणि भरलेली ट्रॉली तिच्यावर उतरवणं म्हणजे ती उलटवणं, म्हणून तो उतरत नाही आणि आपण त्याला आडमुठा म्हणतो.

गाळप कधी सुरू करायचं हे ठरवायला दरवर्षी मंत्री समितीची बैठक होते. ऊस किती, साखर किती, तारीख कोणती, यावर तिथे चर्चा होते. तो ऊस रस्त्याने कसा येणार हा विषय यंदा त्याच बैठकीत घ्या, परिवहन आयुक्तांना आणि बांधकाम खात्याला तिथे बोलवा, आणि परवान्याची अट हंगामाच्या तारखेसोबतच जाहीर करा.